सारसबागेतली खलबतं

पेशव्यांना गुपित बोलायचं असलं, की ते सारसबागेच्या तळ्यात नावेत बसून बोलत, असं म्हणतात. आम्हालाही एक गुपित बोलायचं होतं, पण तोवर तळं बुजवून तिथे हिरवळ झाली होती.

गुपित असं, की मला आणि माझ्या बायकोला, शुभदाला, वेगळं राहायचं होतं. शुक्रवार पेठेतल्या दोन खोल्यांत आई, अण्णा आणि आम्ही दोघं. मधली भिंत लाकडी फळ्यांची. (शुभदा नुसती पुटपुटली, तरी पलीकडून आईचं उत्तर यायचं.) वारज्यात नव्या इमारती होत होत्या. पण आई-अण्णांना सांगायचं कसं? माझी तर छातीच होत नव्हती.

"शुभदाची दाढ दुखतेय, दवाखान्यात जाऊन येतो," असं घरी सांगून आम्ही बागेत गेलो आणि मेंदीच्या कुंपणाला टेकून बसलो.

"आज ठरवूनच टाकू," शुभदा म्हणाली. "आईंना तुम्ही सांगा. त्या रडल्या तर मी पाणी आणते."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात कुंपणापलीकडून खोकला ऐकू आला. हा खोकला मी जन्मापासून ओळखत होतो. अण्णा!

"पण त्यांना वेगळं राहा म्हणून सांगायचं कसं?" अण्णा म्हणत होते. "पोरगं हळवं आहे. रडेल."

"रडू दे," हा आईचा आवाज. "सकाळी न्हाणीघर अडवून गात बसतो. आणि ती पोह्यांत इतकं मीठ घालते, की मला दिवसभर तांब्या जवळ घेऊन बसावं लागतं."

मी शुभदाचा हात दाबला. आमचं काम आपोआप होत होतं, फक्त गप्प बसायचं होतं. पण शुभदा ताडकन उभी राहिली.

"अहो आई, मग दरवेळी मागून कशाला घेता?"

कुंपणावर अण्णांचं डोकं उगवलं. त्यांनी आम्हा दोघांकडे शांतपणे पाहिलं. "दाढ काढली का?"

"तुम्ही तर कीर्तनाला जाणार होतात," मी म्हणालो.

"तेच चाललंय," आई म्हणाली.

'आम्हालाही हेच हवंय' एवढं एक वाक्य मी बोललो असतो, तर चौघं भेळ खाऊन हसत घरी गेलो असतो. पण आपण सोडून जाणं वेगळं आणि आपल्याला घालवून देणं वेगळं. मी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. "इतके जड झालो आम्ही?"

"बघ, रडतोय," अण्णा आईला म्हणाले.

"आम्ही कुठेही जाणार नाही," शुभदाने जाहीर केलं. (वारज्याच्या घराचे पडदेसुद्धा मनातल्या मनात शिवून ठेवलेली बाई ही!) मीही जोरात मान हलवली.

"मग आम्ही जातो," आई म्हणाली. आणि दिवाळीनंतर दोघं खरंच वारज्याला राहायला गेली.

मी त्यांचं कपाट टेम्पोत चढवत होतो, तेव्हा अख्खी आळी गॅलरीत येऊन चुकचुकत होती. "पोटच्या मुलानं म्हातारपणी घराबाहेर काढलं हो." आता तरी अण्णा खरं काय ते सांगतील, म्हणून मी आशेने त्यांच्याकडे पाहिलं. अण्णांनी खिशातून रुमाल काढला, आणि सगळ्यांना दिसेल अशा बेताने आपले कोरडे डोळे पुसले.