दिव्याच्या घासाचा कौल

गोडदेवच्या त्या चाळीत दुर्गाच्या तोंडी लागायला कुणी जात नसे. टँकरवर तिचा हंडा मागे सारायची भल्याभल्यांची छाती नव्हती. लग्न होऊन ती रत्नागिरीकडून इथे भाईंदरला आली. नवरा महिपत स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला. ती घरी बसून त्याच कारखान्याचे चमचे पुसून डझनाने बांधून द्यायची. अशी ही खमकी बाई एकाच कामात हरली होती, आणि ते काम म्हणजे पोटच्या पोरीला जेवू घालणं.

दिव्या तान्ही असताना तिला मेंदूज्वर झाला. जीव वाचला, पण मान सावरेना, बोलणं आलंच नाही, आणि सहाव्या वर्षापर्यंत गिळणंही अवघड होऊन बसलं. दुर्गा तिला मांडीवर आडवी घेऊन मऊ पेज भरवायची. चमच्याच्या टोकावर मावेल एवढीच पेज, ती घशाखाली उतरेपर्यंत थांबायचं, मग पुढचा चमचा. अर्धी वाटी संपेपर्यंत दुपार उलटायची. निम्मी पेज खोकल्याबरोबर पदरावर यायची आणि पोरगी काळीनिळी पडायची. अंगावर मांस म्हणून उरलं नव्हतं.

त्यात तिसऱ्यांदा न्यूमोनिया झाला. मुंबईच्या मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी नवराबायकोला समोर बसवलं.

"घास फुप्फुसात उतरतोय तिचा," त्या म्हणाल्या. "पोटाला बाहेरून लहानसं छिद्र पाडून नळी बसवू. पेज, दूध, औषध, सगळं नळीतून थेट पोटात. ऑपरेशन आहे, धोका नाहीच असं मी म्हणणार नाही. पण तोंडाने असंच भरवत राहिलात, तर पुढचा न्यूमोनिया तिला झेपायचा नाही. दोघं मिळून ठरवा."

दुर्गाने होकारार्थी मान हलवली. महिपत म्हणाला, "गावी देवाला कौल लावून सांगतो."

बाईंना ते कळायला वेळ लागला. दुर्गाला लगेच कळलं, आणि तिच्या मस्तकात तिडीक गेली. पण चारचौघांत नवऱ्याला बोलायचं नाही, एवढी जुनी खोड तिच्यात शिल्लक होती.

महिपत गावी गेला आणि इकडे चाळीला विषय मिळाला. फुकटचा सल्ला द्यायला कुणाच्या बापाचं काय जातं! शेजारची भाभी उंबऱ्यात येऊन म्हणाली, "माँ के हाथ का खाना छुड़ाके पाइप लगाओगी? बच्ची की हाय लगेगी."

"आप खिलाओ ना फिर," दुर्गाने वाटी पुढे केली. "आओ, बैठो."

भाभीला एकाएकी गॅसवरचं दूध आठवलं. गावाहून आनंदीचा, म्हणजे सासूचा, निरोप आला तो आणखी जहाल: आईला भरवायचा कंटाळा आला, म्हणून पोरीच्या पोटाला भोक पाडायला निघाली. कंटाळा! जिने सहा वर्षांत एक जेवण गरम खाल्लं नाही, तिला कंटाळा! आणि हे म्हणणारी म्हातारी गणपतीला आली की खोलीच्या दारात बसून "चावून खा गो बाय" एवढंच सांगायची. दात ज्यांचे शाबूत असतात त्यांना असलं काहीही सुचतं.

महिपत परतला तो मान खाली घालून. चप्पल काढतानाच म्हणाला, "डावा पडला. देव नाय म्हणतोय."

त्यांच्याकडच्या गावांत गुरव देवाच्या मूर्तीला ओल्या कळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालून प्रश्न मांडतो. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. या कौलावर लग्नं मोडलेली आणि विहिरी खोदलेल्या दुर्गाने लहानपणापासून पाहिल्या होत्या. तिचाही देवावर विश्वास होता, म्हणूनच हा नकार तिला उडवून लावता येईना. दिव्याला मांडीवर घेऊन ती खाली बसली.

मग तिने विचारलं, "देवाला काय विचारलंत?"

"म्हणजे?"

"गुरवाने गाऱ्हाण्यात काय शब्द घातले?"

"हेच की, पोरीचं तोंडाचं जेवण कायमचं तोडायचं म्हणतायत डॉक्टर. तर तोडू काय, महाराजा."

दुर्गा उठली. दिव्याला तिने हळूच गोधडीवर ठेवलं, आणि लग्नापासून ज्या नवऱ्याला 'अहो' म्हटलं त्याला ती अरेतुरेवर आली.

"असं विचारलंस? पोरीचा घास तोडू काय, असं? कुठला देव हो म्हणेल याला? आईबापाने लेकराचा घास तोडायला देवाची परवानगी मागितली, तर त्याने थोबाडीतच मारली पाहिजे! तिला जगवू काय, हे का नाय विचारलंस? तुला ठाऊकच नाय, कसं विचारणार! मी वाटी घेऊन आले की ती तोंड फिरवते, डोळे घट्ट मिटते. माझी पोर मला घाबरते रे. आईला घाबरते!"

हे तिने आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. महिपत भिंतीला टेकून उभा राहिला.

"पुन्हा जाऊन विचारतो," तो म्हणाला.

"आता देवाला त्रास नको. बाईंनी आईबापाला ठरवायला सांगितलंय. आईने ठरवलंय. तू उद्या सोबत यायचंस."

तो आला. ऑपरेशन पार पडलं, दोन दिवस ताप चढला तेव्हा त्याने दुर्गाकडे असं पाहिलं की तिने त्याला वॉर्डाबाहेर काढलं. ताप उतरला. नळीतून पेज जाऊ लागली. खोकला कमी झाला, आणि दिवाळीपर्यंत दिव्याच्या गालांवर थोडं मांस धरलं. चालणं, बोलणं काही आलं नाही. ते येणार नाही, हे बाईंनी आधीच सांगितलं होतं.

शिमग्याला गावी निघताना महिपतने मोठा सोललेला नारळ आणला. पिशवीत ठेवता ठेवता म्हणाला, "कौल मोडला आपण. देवाची माफी मागायला हवी."

दुर्गा नळी पाण्याने धूत होती. तिने मान वर केली नाही.

"देवाची कसली? तुम्ही विचारलंत तेवढ्याचं त्याने उत्तर दिलं," ती म्हणाली. "माफी मागायची तर ही निजलीय इथे. हिची मागा."