अँब्रोज पाइकची हजेरी

मेलेल्या माणसाला मत नसतं, ही गोष्ट सगळ्या जगाला ठाऊक आहे. सेंट कायरन गावच्या फुटबॉल क्लबाला मात्र ती साठ वर्षं ठाऊक नव्हती, आणि नव्हती म्हणून कुणाचं काही अडलंही नव्हतं.

त्याचं असं झालं. गावातली खाण जोरात होती तेव्हा दिवसभर जमिनीखाली कोरड्या दगडात भोकं पाडायची आणि संध्याकाळी वर येऊन उजेड असेतोवर फुटबॉल खेळायचा, एवढाच तिथल्या पुरुषांचा जन्म होता. अख्ख्या न्यूफाउंडलंड बेटावर त्यांना हरवणारं कुणी नव्हतं. मग दगडाच्या धुळीनं एकेकाची छाती धरली. पहिला गेला तो डाव्या बाजूचा बचावपटू. त्या वर्षीच्या सभेत सेक्रेटरीनं हजेरी घेताना सवयीनं त्याचंही नाव पुकारलं, आणि जीभ चावली.  मागे चहाची किटली घेऊन त्याची बायको उभी होती. ती म्हणाली, "आहे."

तिला 'नाही' म्हणायची कुणाची छाती होती? नाव राहिलं. पुढच्या वर्षी आणखी दोघींनी नवऱ्याच्या नावाला ओ दिली, आणि मग ती रीतच पडली. क्लबाची घटना साधी होती: वर्गणी भरली आणि हजेरीला ओ दिली की तो सभासद. बायको गेली की नाव निघे. गावात म्हणत, सेंट कायरनचा माणूस दोनदा मरतो, आणि दुसऱ्यांदा बायकोबरोबर मरतो.

लोरेटा पाइक अशी सदतीस-अडतीस वर्षं ओ देत आली होती. शेजारच्या खाडीवरून लग्न होऊन ती या गावात आली तेव्हा अँब्रोज संघाचा गोलकीपर होता. गोलकीपर कसे, ओरडून ओरडून सगळ्या संघाला नाचवतात. हा गडी दोन खांबांमधला तिसरा खांब. घरीही तसाच. मासा खारट झाला तर पाणी जास्त प्यायचा, बोलायचा नाही. शेचाळिसाव्या वर्षी गेला. लोरेटानं मग मासळीच्या कारखान्यात बर्फाच्या पाण्यात हात घालून कॉड साफ केला, पोर वाढवलं, ते नोकरीसाठी दूर अल्बर्टाला गेलं, कारखाना बंद पडला, बोटं वाकडी झाली. त्या बोटांनी ती अजून पाव मळायची आणि पिठाचे चार गोळे तळून, वर काकवी ओतून, येईल त्याच्यापुढे ठेवायची. तोंडानं फटकळ. गावातली चाळिशीची माणसंसुद्धा तिला मावशी म्हणत आणि जरा बिचकूनच म्हणत.

वर्षातून एक दिवस मात्र ती निळा कोट घालून, केस नीट बसवून क्लबाच्या सभागृहात जायची आणि काही न बोलता बसायची. यादीत तिचं स्वतःचं नाव नव्हतं; तिथे ती अँब्रोजच्या नावावर बसे. चर्चमध्येही अँब्रोजचं नाव वाचलं जाई, नोव्हेंबरात. पण तिथे तो मेलेल्यांत असे. इथे तो जिवंतांत असे, बचावपटूंच्या आधी आणि कोपऱ्यात बसणाऱ्या मिक बार्टरच्या नंतर. "अँब्रोज पाइक!" "आहे." त्या एका शब्दावर तिचं वर्ष निघायचं. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं नव्हतंच ते.

आणि मग एका वर्षी देशभराची नवी लीग निघाली. कॅनडातल्या संघांनी कॅनडातच, आपापसात खेळायचं, खेळाडूंना पगार. न्यूफाउंडलंडसाठी एक जागा होती, आणि बेटाचे विजेते म्हणून विचारणा आधी सेंट कायरनला आली. गाव आठ दिवस फुगलं आणि नवव्या दिवशी भांडायला लागलं.

लोरेटाकडे पहिला आला कॉन टरपिन. अँब्रोजच्या संघातला, आता एक फुप्फुस काढलेला, पण उरलेल्या एकावर दोघांइतकं बोलणारा.

"तुम्ही चौदा जणी आहात, लोरेटा," तो खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला. "चौदा मतं म्हणजे चेष्टा नाही."

"चहा घेशील की नुसती मतंच?"

"दे की. डब्यातलं दूध जरा सढळ हातानं घाल. ऐक, सामने कुठे होणार माहितीये? सेंट जॉन्सला. चार तास गाडी हाकायची, तीही धुक्यात. आपलाच संघ बघायला जायचं आणि वाटेत एखाद्या मूस हरणाला धडकून मरायचं! बरं, हा क्लब राहतो का? नाही. कंपनी होणार. सभासद नाहीत, सभा नाही, हजेरी नाही. तिकीट काढा, बसा, चालू पडा." त्यानं काकवीचं बोट चाटलं. "तुझ्या अँब्रोजचं नाव मग कोण पुकारणार? तिकीटवाला?"

लोरेटाचा किटलीवरचा हात थांबला. कॉननं ते पाहिलं. म्हातारा खेळात नेहमीच पायावर मारायचा.

"अँब्रोज असता तर त्यानं ती विचारणा चुलीत घातली असती," तो उठता उठता म्हणाला. "म्हणाला असता, हे मैदान सोडून आम्ही कुठे जात नाही."

दोन दिवसांनी जेरार्ड बेक आला. संघाचा प्रशिक्षक. त्याचे वडीलही खाणीनंच नेलेले, आणि त्याची आई कॅथलीन त्यांच्या नावाला ओ देणारी. म्हणूनच, मेलेल्यांची मतं धरू नका, असं तो चारचौघांत बोलू शकत नव्हता. आईसमोर बापाला मेला म्हणणार कोण?

"मावशी, आपली मुलं उन्हाळाभर इथे खेळतात आणि सप्टेंबरात अल्बर्टाचं विमान धरतात," तो म्हणाला. "खेळून पोट भरशील का, असं या गावाला आजवर कुणी विचारलंय? आपण नाही म्हटलं तर ती जागा दुसऱ्याला जाईल. पुन्हा कुणी दार वाजवणार नाही."

"आणि नाव?"

"जर्सीवर नाव हेच राहील. रंगही हाच."

"मी जर्सीचं नाही विचारलं, जेरार्ड."

त्यानं कप खाली ठेवला. "हजेरी नाही राहणार, मावशी. तुमच्याशी खोटं कशाला बोलू?"

इथवर पोरगा शहाण्यासारखा बोलला होता. पण दारात जाऊन त्यानं माती खाल्लीच. "अँब्रोजकाका असते ना, तर सगळ्यात आधी त्यांनीच हात वर केला असता."

लोरेटानं दार लावलं आणि कपबश्या अशा काही विसळल्या की एका कपाचा कान उडाला. जन्मात सलग दोन वाक्यं न बोललेला माणूस. मेल्यावर भलताच वक्ता झाला होता! इकडून कॉनच्या तोंडून बोलत होता, तिकडून जेरार्डच्या. त्याच्या मनातलं ज्याला त्याला ठाऊक होतं. फक्त तिलाच ठाऊक नव्हतं.

तिला आपल्या मनातलं ठाऊक होतं. लीग नको. मुलं गेली अल्बर्टाला तर जाऊ देत, तिचा नाही का गेला? नाव राहू दे. हे मत अँब्रोजचं नव्हतं, त्याच्या जागेवर बसून तिला स्वतःचं मत द्यायचं होतं, एवढं कळण्याइतकी ती प्रामाणिक होती. पण कळलं म्हणून माणूस हातातलं सोडतो असं थोडंच आहे.

त्याच्या शेवटच्या उन्हाळ्यात ती त्याला गाडीत घालून मैदानावर न्यायची. समुद्राचा वारा अंगावर घेत कोण बसणार? सगळं गाव मैदानाभोवती गाड्या लावून आतूनच सामना बघे आणि गोल झाला की हॉर्न वाजवी. अँब्रोजला ओरडण्याइतका श्वास उरला नव्हता, पण हॉर्नवर हात ठेवता येई. शरदात तेही संपलं. स्वयंपाकघरात चुलीजवळ त्याची खाट आणली. लोक भेटायला येत, कसं काय अँब्रोज म्हणत, आणि त्याला बोलायला त्रास नको म्हणून लोरेटा उत्तर देई. कालच्यापेक्षा बरंय. रात्री झोप लागली. सूप घेतलं थोडं. अशीच एकदा फादरना ती म्हणाली, "आज जरा हुशारी आहे हो त्याला," तेव्हा त्यानं तिचं मनगट धरलं.

"नाही," तो म्हणाला. मग श्वास घेतला. "मी सांगतो." पुन्हा श्वास. "मरतोय, फादर."

रागावला नव्हता तो. मनगट त्यानं बराच वेळ सोडलं नाही. हातात गोलकीपरची पकड अजून होती. लोरेटाला तेव्हा लाज वाटली होती, आणि मग अडतीस वर्षांत ती गोष्ट तिनं मनाच्या वरच्या फळीवर टाकून दिली होती.

सभेच्या दिवशी सभागृह गच्च भरलं. एरवी शेवटच्या बाकावर पेंगणारे आज पुढे बसले होते. अध्यक्ष मोनिका, गावच्या शाळेतली शिक्षिका, तिनं दोन्ही बाजू बोलू दिल्या, तीनदा टेबल आपटलं आणि म्हणाली, आधी हजेरी, मग मतदान. जे सभासद नाहीत त्यांनी मतदानाच्या वेळी बाहेर थांबायचं, नेहमीप्रमाणे.

मागून एका तरुण खेळाडूनं हात वर केला. "म्हणजे ज्यांची नावं… म्हणजे जे आता… त्यांची मतं पण धरायची?"

"घटना वाच, बाळा," कॉन गरजला. "ओ दिली की सभासद. तुझ्या आजोबाला विचार. तोही यादीत आहे!"

थोडं हसू उठलं आणि लगेच विझलं.  जेरार्ड आईकडे बघत होता आणि आई पायाजवळ बघत होती.

मोनिका नावं घेऊ लागली. खरं सांगायचं तर लोरेटा 'आहे' म्हणायला आणि मग 'नको'साठी हात वर करायला आली होती. कोटाची बटणंही तिनं काढली नव्हती. मिक बार्टरचं नाव झालं. तो जिवंत होता आणि खोकत होता.

"अँब्रोज पाइक."

ती उठली. तोंड उघडलं, आणि तिचा डावा हात आपसूक उजव्या मनगटावर गेला. तिथंच थांबला. मोनिकाला वाटलं म्हातारीला ऐकू आलं नाही. तिनं पुन्हा नाव घेतलं, जरा मोठ्यानं.

"नाही," लोरेटा म्हणाली. "तो वारला."

इतकी वर्षं सगळ्या गावाला माहीत असलेली गोष्ट, पण माणसं अशी बसली की जणू आत्ता कुणी खाणीवरून निरोप घेऊन आलं.

"लोरेटा, खाली बस," कॉन म्हणाला.  "वेड्यासारखं करू नकोस."

"कशाला बसू? मी सभासद कुठाय आता?"

"अगं, तू त्याला मारलंस आज. भर सभेत."

"त्याला धुळीनं मारलं, कॉन. मी नुसतं सांगितलं."

कॉननं तोंड फिरवलं. त्याचे डोळे भरून आले होते. अँब्रोजची खाट उचलून चुलीजवळ आणली होती ती त्यानंच. लोरेटाला त्याच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, पण मधे माणसं फार होती. ती बाकांच्या कडेनं दाराकडे निघाली. मागे मोनिका पुढची नावं घेत होती, घसा खाकरत. जेरार्डच्या बापाचं नाव आलं तेव्हा कॅथलीन म्हणाली, "माझाही वारला, मोनिका," आणि पर्स उचलून बाहेर आली. आणखी काही जणी आल्या. काही आल्या नाहीत. त्या 'आहे' म्हणाल्या, आत बसल्या, आणि त्यांना कुणी बोल लावला नाही.

बाहेर धुकं होतं. मैदानाचा अलीकडचा गोल दिसत होता, पलीकडचा नाही. कॅथलीननं लोरेटाला आपल्या गाडीत बसवलं आणि हीटर लावला.  सभासद नसलेल्यांना आत काय चाललंय ते कळायला मार्ग नव्हता.

बऱ्याच वेळानं सभागृहाचं दार उघडलं. तरुण पोरं धावत बाहेर आली, आपापल्या गाड्यांत शिरली, आणि एकानं हॉर्न दाबला. मग दुसऱ्यानं. मग धुक्यातून सगळीकडून हॉर्न वाजू लागले, गोल झाल्यासारखे.

"झालं म्हणजे," कॅथलीन म्हणाली. "गेलो आपण लीगमध्ये."

"गेलो."

कॅथलीनचा हात हॉर्नपाशी घुटमळला. "अँब्रोजनं दाबला असता का गं?"

 लोरेटाच्या जिभेवर उत्तर तयार होतं. अडतीस वर्षं ते तयारच असे.

"कुणास ठाऊक," ती म्हणाली. "मी त्याला कधी विचारलंच नाही." आणि मग ती रडू लागली, काल नवरा गेलेल्या बाईसारखी, मोठ्यानं. हॉर्न इतके वाजत होते की कॅथलीनखेरीज ते कुणाला ऐकू गेलं नाही.