भागूच्या चार काचा

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. बायकोला नाही, भावाला नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — की हेही कारण खरं नाही? जाऊ द्या. सांगतो.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. परळच्या एका मेडिकल कॉलेजात, शरीररचनेच्या विभागात, आम्ही दोघं नवे शिक्षक होतो — मी आणि भागुराम. मी गिरगावचा, घरात तीन पिढ्या डॉक्टर. भागू डिलाईल रोडच्या चाळीतला. वडील गिरणीत, खोलीत नुकतीच बुद्धाची तसबीर लागलेली. दोघांतला एकच कायम होणार होता. तो मीच, असं मी धरून चाललो होतो. का? तसं कुणी सांगितलं नव्हतं.

गर्भात डोळा घडताना त्याला रक्त कुठून मिळतं, हा भागूचा विषय. जन्माआधी डोळ्याच्या मधोमध एक धमनी असते. मागून शिरते, आतल्या पारदर्शक गरातून सरळ पुढं जाते, भिंगाच्या पाठीवर जाळं पसरून त्याला पोसते. काम झालं की जाळं विरतं, पुढचा भाग सुकतो, उजेडाची वाट मोकळी होते. मागचा तुकडा तेवढा उरतो. तो जन्मभर दृष्टिपटलाला रक्त देतो. हे पुस्तकात होतंच. पण ती धमनी आधी कुठं तुटते — भिंगापाशी की मधेच? — ते भागूला बघायचं होतं. शेळीच्या गर्भात नाळेतून काळी शाई सोडायची, मग डोळ्याचे पातळ काप काढून काचांवर चढवायचे. सात महिने हेच.

एकदा त्यानं मला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. “बघ रे, शाई इथंच थांबलीय!” मला काही दिसेना. मी म्हणालो, दिसलं. मग आमचे विभागप्रमुख सर बसले, खूप वेळ बघत राहिले. “भागुराम, तुला नजर आहे,” म्हणाले. मी त्यांचाच विद्यार्थी, मला त्यांनी इतक्या वर्षांत काय म्हटलं होतं? अक्षर छान आहे — एवढंच.

तुम्हाला कधी दुसऱ्याच्या कौतुकानं जेवण गेलं नाही, असं झालंय? त्याची शाई लागलेली नखं, त्याचं ते भाबडं ‘बघ रे’ — सगळं मला सलायला लागलं.

काम मोठ्या डॉक्टरांपुढं मांडायला तीन दिवस उरले होते. दुपारी निरोप आला — लालबागला मोर्चावर लाठ्या चालल्या, भागूच्या वडिलांचं डोकं फुटलं. भागू धावत सुटला. जिन्यातून ओरडला, “कपाट लाव रे!” किल्ली कुलपातच होती.

मी कपाट लावलं नाही. त्यातल्या, शाई थांबलेली दिसायची त्या चार काचा काढल्या. कुठल्या, ते मला माहीत होतं — त्यानंच तर दाखवल्या होत्या. रुमालात गुंडाळून टाचेखाली फोडल्या, फुटक्या काचांच्या डब्यात टाकल्या. घरी गेलो. त्या दिवशी व्यवस्थित जेवलो.

दोन दिवसांनी भागू आला, तेव्हा काचा सापडेनात. सरांनी मला विचारलं. “तो मोर्चाला गेला, सर. कपाट उघडंच टाकून.” सरांनी त्याला एका शब्दानं विचारलं नाही. गिरगावच्या डॉक्टरांचा मुलगा खोटं कशाला बोलेल? — ते तसंच मानतील, हे मला बोलण्याआधीच ठाऊक होतं.

भागूनं विचारलं. रागानं नाही.

“मी तुला सांगून गेलो होतो ना रे, कपाट लाव म्हणून?”

“नाही. तू तसाच पळालास.”

त्यानं कपाटाचं दार लावलं. मग म्हणाला, “असेल. आबांचं ऐकून माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.”

त्याच क्षणी बोलता आलं असतं. जागा मला मिळाली. पुढं मी डोळ्यांचा सर्जन झालो, दादरला नाव झालं. भागूनं डिलाईल रोडलाच दवाखाना काढला — खोकला, ताप, गिरणीतल्या जखमा. ते काप त्यानं पुन्हा कधी केले नाहीत.

माझ्याकडे मात्र तो पेशंट पाठवायचा. एकदा एक तान्हं मूल आलं, सोबत चिठ्ठी — ‘डाव्या डोळ्यातली ती धमनी विरलेली नसावी. तू बघ, तुझ्याइतकं हे कुणाला कळत नाही.’ मी तपासलं. त्याचं बरोबर होतं. साध्या बॅटरीच्या उजेडात त्यानं ओळखलं होतं! मुलाच्या आईनं विचारलं, “आमच्या डॉक्टरांना आधीच कसं कळलं हो?”

“अंदाजानं,” मी म्हणालो. तेवढंही श्रेय मला देववलं नाही.

भागू जाऊन चार वर्षं झाली. माझ्या दवाखान्यापासून त्याचा दवाखाना चालत पाऊण तासावर होता. मी एकदाही गेलो नाही.