आप्पांची अक्षरं आणि दारातली जीप

ती घटना आठवली की आजही डोकं तापतं, आणि सगळ्यात जास्त तापतं ते माझ्या स्वतःवर. निवृत्तीला वर्ष उरलं होतं. दौंड तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी निरीक्षक होतो. सकाळची हजेरी संपते न संपते, तोच यवतजवळच्या एका गावातले निवृत्त मुख्याध्यापक तक्रार अर्ज घेऊन हजर झाले. सारं गाव त्यांना आप्पा म्हणायचं.

अर्ज सहा पानी. सार एवढंच, की घरच्या कॉम्प्युटरवर चार वर्षं खपून त्यांनी गावाचा इतिहास लिहिला होता आणि आता त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं यांची नुसती खिचडी.

"साहेब, त्या बाईनं कुलूप घातलंय. आता खंडणी मागणार. पेपरात रोज येतंय."

बाई केडगावकडची. नवऱ्याचं घर सोडून माहेरी आलेली, शिरूरच्या एका दुकानात कॉम्प्युटर दुरुस्ती शिकलेली, स्कूटीवरून घरोघरी जाऊन कामं करणारी. आप्पांच्या गावात कॉम्प्युटर असलेली दहा-बारा घरं. सगळ्यांकडे एकच अँटिव्हायरस, कारण पहिल्यांदा तो आप्पांनी घेतला होता. कंपनीनं तो बंद केला. रोज पडद्यावर लाल चौकट यायला लागली, की आता संरक्षण मिळणार नाही. आप्पांनी बाईला बोलावून जुना काढून नवा टाकून घेतला आणि बाकीची घरंही तिची वाट बघू लागली. आता तीच घरं तिला चोर म्हणत होती. तेही आधी आप्पांनीच म्हटलं होतं.

असला सायबर तपास कायद्यानं निरीक्षकानंच करायचा असतो, त्यामुळे कुणावर ढकलताही येईना. कॉम्प्युटर आणायला पाठवलेल्या हवालदारानं सीपीयूचा डबा तिथंच सोडून नुसता पडदा उचलून आणला.

"साहेब, अक्षरं तर ह्याच्यातच दिसत्यात की!"

मी कपाळावर हात मारला आणि पडदा परत पाठवला.

महिलेला चौकशीसाठी ठाण्यात बोलवायचं नसतं, तिच्या घरी जायचं असतं. मी नियमाचा पक्का. महिला कॉन्स्टेबल सोबत घेतली आणि सकाळी अकराला तिच्या दारात जीप उभी केली. दोन तास प्रश्न विचारले. बाई ठाम होती.

"मी काय बी लॉक केलं न्हाई, साहेब. नव्या अँटिव्हायरसनं कायतरी पकडलं आसंल. पकडलेलं तो बाजूला कोंडून ठेवतो, क्वारंटाईन म्हंत्यात त्याला. मला आप्पांच्या घरी न्या, तुमच्यासमोर उघडून दावते."

खोटं बोलणारा माणूस दर वेळी थोडं जास्तीचं सांगतो, हा माझा अनुभव. ही दर वेळी तेवढंच सांगत होती. तरी माझं डोकं चाललं नाही. क्वारंटाईन म्हटल्यावर मला कोरोनातली शाळा आठवली आणि वाटलं, बाई आपल्याला गंडवतेय. मग हवालदाराला आप्पांच्या घरी बसवून दोन दिवस आम्ही खंडणीच्या फोनची वाट बघितली. आप्पा जेवतानाही मोबाईल सोडत नव्हते. फोन आला तो कर्ज हवंय का विचारणाऱ्या मुलीचा. हवालदारानं तिचीही दहा मिनिटं उलटतपासणी घेतली.

तिसऱ्या दिवशी नाइलाजानं मी बाईला आप्पांच्या घरी नेलं. तिनं कोंडलेल्या फायलींची यादी उघडली. यादीत एकच नाव होतं. ती आप्पांकडे वळली.

"आप्पा, ह्यो मराठी टायपिंगचा प्रोग्राम कुठनं आनला व्हता?"

आप्पा पंख्याकडे बघू लागले. ती नजर मी नोकरीत शेकडो वेळा बघितली होती, पण आरोपीची.

"आप्पा, बोला," मी म्हणालो.

"एका मित्रानं सीडी दिली होती. लई वर्षं झाली."

"म्हंजी चोरीची कापी," बाई म्हणाली. "नव्या अँटिव्हायरसला ती खटकली. काढू का म्हणून चौकट आली आसंल की."

"आली होती. मी ओके दाबलं. रोज येतात चौकटी, किती वाचायच्या?"

"हे अर्जात का नाही लिहिलं?" मी विचारलं.

"मुख्याध्यापक माणूस मी, साहेब. बरं दिसलं नसतं."

म्हणजे अख्ख्या प्रकरणात चोरीचा माल एकच, आणि तो फिर्यादीच्या घरात! बाईनं त्यातली अक्षरांची फाईल, म्हणजे जो नसला की मराठीची खिचडी दिसते तो फॉन्ट, तपासून बाहेर काढली आणि इतिहासाचं पहिलं पान मराठीत समोर आलं. आप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी बाईला म्हणालो, "ताई, तुमच्यावर आता काही नाही. अर्ज निकाली काढतो."

"निकाल तुमच्या फायलीत, साहेब. माझ्या दारात जीप दोन तास उभी व्हती, ती समद्यांनी बघितली. हितल्या घरांनी काम रद्द केलं. शिरूरचा दुकानदार फोन उचलत न्हाई. आता मी चोर न्हाई म्हणून घरोघर सांगत फिरू व्हय?"

"मग काय करू?"

"जीप परत आना. आन् येताना आप्पांना घेऊन या."

मला लाज वाटली. बाईला त्रास नको म्हणून कायद्यानं मला तिच्या घरी पाठवलं होतं. दारात उभी असलेली जीप गावाला काय सांगते, याचा विचार मी सबंध नोकरीत केला नव्हता. चौकशी संपली की आम्ही निघून यायचो. मागं त्या दाराचं काय झालं, हे बघायला एकदाही वळलो नव्हतो.

माझ्या घरच्या कॉम्प्युटरवरही तीच लाल चौकट आठ महिने येत होती आणि मी रोज 'नंतर' दाबत होतो. दुसऱ्या दिवशी अकराला मी गणवेशात निघालो. आप्पा पुढच्या सीटवर, त्यांच्या मांडीवर माझा कॉम्प्युटर. जीपच्या लॉगबुकात 'तपासकामी' लिहिलं, आणि ते खोटं नव्हतं.

बाई कॉम्प्युटर आत घेऊन गेली. आम्ही दोघं ओट्यावर बसलो. येणारा-जाणारा थांबून विचारायचा, "आप्पा, तुमी हितं?" आप्पा सांगायचे, "ताईंची काही चूक नव्हती. चूक माझी होती." पहिल्यांदा पुटपुटले. पाचव्या-सहाव्या माणसाला मोठ्यानं सांगितलं.

अर्ध्या तासानं मी आत डोकावलो. जुना अँटिव्हायरस गेला होता, नवा बसला होता, पडदा स्वच्छ होता. बाई मेथी निवडत बसली होती.

"झालं का, ताई?"

"झालंय की."

"मग निघू?"

तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "अजून दीड तास हाय, साहेब."

मी परत ओट्यावर येऊन आप्पांच्या शेजारी बसलो.