बायोडेटातली तीन वर्षं

दुपारचे सव्वादोन. पाणी शुद्ध करायची यंत्रं घरोघर विकणाऱ्या एका कंपनीच्या सांगलीतल्या कचेरीत वैजयंती आवटी अकरापासून बसून आहे. शेजारी टाय लावलेली पोरं; त्यातलं सगळ्यात थोरलं असेल तेवीसचं. ती एकोणचाळीसची. ही सातवी मुलाखत. आधीच्या सहा एकाच प्रश्नावर अडकल्या: मधली तीन वर्षं काय करत होता? ती म्हणते, काही नाही, घरीच. मग समोरचे पेनाला टोपण लावतात.

पंखा गरगरतो. मान कलते. आतून कुणीतरी नाव घेतं आणि ती उठते. निदान उठल्यासारखं वाटतं.

टेबलामागे सासरे बसलेत. जानेवारीत गेलेले तात्या. धुवट सदरा, मांडीवर सोलापुरी चादर, पुढ्यात तिचा बायोडेटा, उलटा.

बस म्हणतात आणि शिकवायलाच लागतात. जन्मभर साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर बसलेला माणूस, पण ऐट अशी की जणू नोकरभरतीच केली. आधी गोड बोलतील म्हणे. स्वतःबद्दल सांगा म्हणतील. गाडी चालवता येते का विचारतील, उन्हात फिराल का विचारतील. टार्गेट चुकलं तर रडाल का, हे विचारत नाहीत. तोंडाकडे बघून ठरवतात.

प्रश्न पहिला.

"गिऱ्हाईक नाही म्हणालं तर?"

"पुन्हा जाईन."

"पुन्हा नाही म्हणालं तर?"

"त्याच्या कलानं घेईन."

टेबल आता लोखंडी पलंग आहे, डोक्याकडून उचललेला. तिच्या हातात वाटी, वाटीत पेज. तात्या ओठ घट्ट मिटून भिंतीकडे वळतात. यावरचा उपाय तिला पाठ आहे: उसाच्या गाड्यांची रांग कुठपर्यंत जायची, एवढंच विचारायचं. सांगायला ते तोंड उघडणार, तेवढ्यात चमचा आत, मागोमाग गोळी. दिवसातून तीनदा. तीन वर्षं.

प्रश्न तिसरा. (दुसरा ते गाळतात.)

"ज्याला नको त्याच्या गळ्यात कधी मारलंस?"

पलंग जिन्यात आहे. टायवाली पोरं अंग चोरून बाजूनं उतरतात. कुणाला काही वेगळं वाटत नाही.

"तुम्हाला नको होतं का, तात्या?"

"पेज चालायची. गोळ्या नको होत्या. पण तू इतकी दमलेली दिसायचीस की नाही म्हणवायचं नाही. गालात धरायचो. तू भांडं ठेवायला वळलीस की थुंकायचो."

वर लबाड हसतातही. तिला राग यायला हवा. पण रागालाही अंगात जोर लागतो. म्हणून गेलात का, असं ती हळूच विचारते. ते हात झटकतात. गोळ्यांनी कोण राहिलंय, म्हणतात, वेळ झाली होती.

"मग तीन वर्षं मी केलं काय?"

"तेच त्यांना सांग. रोज नाही म्हणणाऱ्याच्या दारात उभी राहिलीस, हे सांग. आणि फसलीस तेही."

"फसले म्हणून सांगू? नोकरी देतील मग?"

"देतील न देतील. मी काट्यावर तीस वर्षं काढली, वैजू. खोटं वजन सांगणारा घाईत असतो. तू ते 'काही नाही, घरीच' फार घाईनं म्हणतेस."

जिना संपत नाही. ते तिचा हात ओढतात, तळव्यावर काहीतरी ठेवतात आणि मूठ स्वतःच्या दोन्ही हातांनी मिटवतात. हात थंड नाहीत. नुकतंच जेवून धुतल्यासारखे आहेत.

"वैजयंती आवटी आहेत का?"

दारातली मुलगी दुसऱ्यांदा विचारते आहे. मान आखडलेली. पंखा चालू. मूठ मिटलेली, बोटं दुखताहेत. उघडते तर तळव्यावर अर्धी पांढरी गोळी, ओलसर, कडा विरघळलेल्या.

ती मूठ मिटते आणि आत जाते.

समोर दोघं. गोड बोलतात. मग एकाचं बोट कागदावर मधेच थांबतं.

"ही तीन वर्षं, मॅडम?"

ती श्वास सोडते.

"सासऱ्यांना औषध देत होते," ती म्हणते. "सगळं नाही घेतलं त्यांनी."

दोघं वर बघतात. मुठीतली गोळी घामानं मऊ होत जाते.