गयाक्काच्या न मेलेल्या शेळ्या

गयाक्का शेळी विकायची, तेव्हा दोर गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी शेळीच्या कानाशी वाकायची आणि ती कुठं चालली ते तिला सांगायची. "चकलांब्याला चाललीस, बाई. मानसं बरी हायेत तिथली." गिऱ्हाईक हसत उभं राहायचं. मला मात्र हसू येत नसे. आष्टी तालुक्यातल्या आमच्या गावात शेळीपालनाचं रीतसर प्रशिक्षण घेतलेला मी एकटा. माझा गोठा उंच फळ्यांचा, दारात रंगवलेला फलक. शेजारी तिचं बाभळीच्या काट्यांचं कुंपण. आणि गाड्या माझा फलक मागे टाकून तिच्या कुंपणाशी थांबायच्या.

बीडच्या कुणा गिऱ्हाइकानं तिची जागा फोनच्या नकाशावर टाकली. मग लोक तिथं अभिप्राय लिहू लागले. गयाक्काला वाचता येत नव्हतं. दोन-चार दिवसांनी ती फोन घेऊन माझ्याकडे यायची. "वाच रे दत्ता, काय लिवलंय?" मी वाचायचो. शेळ्या निरोगी, बाई प्रामाणिक, पाच चांदण्या. ती लाजायची. "लईच लिवतेत मानसं." माझ्या गोठ्याला दोनच अभिप्राय होते, त्यातला एक मेहुण्याचा.

एका दुपारी तिला असंच वाचून दाखवलं, आणि ती गेल्यावर मी खोट्या नावानं लिहिलं, 'दोन शेळ्या नेल्या. आठ दिवसांत दोन्ही मेल्या. ही बाई आजार लपवून विकते.' लिहिताना बरं वाटलं, हे कबूल करतो.

हळूहळू गाड्या यायच्या बंद झाल्या. येतो म्हणालेले आले नाहीत. एकानं तर फोनवर सरळ विचारलं, तुमच्या शेळ्या मरतात म्हणे? तशी ती तडक माझ्याकडे आली. माझंच लिहिलेलं मला तिच्यासमोर मोठ्यानं वाचावं लागलं.

ती उंबऱ्यावर बसली. मला वाटलं, आता लिहिणाऱ्याला शिव्या घालेल. ती म्हणाली, "कोन्त्या रे मेल्या? नावं लिवलीत का?"

तीन दिवस तिनं एकेका गिऱ्हाइकाला फोन केला. सासरहून आली असताना तिच्या लेकीनं प्रत्येक नंबरापुढं त्या त्या शेळीचा फोटो लावून दिला होता, म्हणून तिला ते जमायचं. मग मला येऊन सांगायची, "पालीची चंद्री गाभन हाय. आष्टीच्या राधीला दोन पिल्लं झालीत." सगळ्या जित्या निघाल्या. "मंग ह्यो मानूस कोन? लिव त्याला. म्हनावं, कोन्त्या गावाला नेल्या ते सांग. आमच्या हातच्या असतील, तर दुसऱ्या दोन घेऊन जा."

मी माझ्याच खोट्या नावाला तिचं उत्तर लिहिलं. ती रोज विचारायची, "आला का जबाब?" चौथ्या दिवशी एक गिऱ्हाईक कसंबसं आलं, तर तिनं त्याला दोन चांगल्या शेळ्या द्यायचं नाकारलं. "ह्या त्या मानसासाठी ठिवल्यात. माज्याच ध्यानातनं एखादी निसटली असंल, तर?"

मला राहवेना. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणालो, "आक्का, तो माणूस मीच."

तिनं विचारलं, "कावून?"

"सगळे तुझ्याकडंच येतात."

"मंग माज्याशी भांडायचं व्हतं. माज्या शेळ्या कावून मारल्यास?"

मी फोन काढून ते पुसायला लागलो, तर तिनं हात धरला. "नुसतं पुसू नगं. ज्यांनी वाचलं त्यांना कसं कळंल? तुज्या नावानं लिव." तिच्यासमोर बसून मी लिहिलं, की ते खोटं होतं, जळून मीच लिहिलं होतं, आणि एकही शेळी मेलेली नाही. तिनं ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग लेकीला फोन लावून तिच्याकडून तिसऱ्यांदा. तेव्हा कुठं खोटं पुसू दिलं.

गाड्या परतायला काही महिने लागले. गयाक्का वाटेत भेटली की अजून विचारते, "बरा हायेस का?" तिचा फोन मात्र आता अंगणवाडीच्या बाई वाचून दाखवतात. दोघी ओट्यावर बसलेल्या दिसतात. त्या वाचतात, गयाक्का खुदकन हसते, आणि मला त्या बाईंचा हेवा वाटतो.