फोनमागचा प्रॉम्प्टर

आमचा ओंकार सुखरूप आहे. त्याने स्वतःच फोनवर तसं सांगितलं. पोलिसांत तक्रार देऊन आत्ताच डोंबिवलीला घरी पोचलोय.

दुपारी फोन आला. "इन्स्पेक्टर बोलतोय. तुमच्या मुलाला ड्रग्जच्या केसमध्ये उचललंय. पैसे पाठवा. फोन ठेवलात तर तो आत जाईल." मागे कुणीतरी रडत होतं. मला तो ओंकारच वाटला. बातम्या लिहिण्यात आयुष्य गेलं, तरी मी मुकाट्याने बँकेचं अ‍ॅप उघडलं.

स्पीकर चालू होता. माझी बायको सुलभा शेजारी उभी राहून ऐकत होती, पांढरीफटक पडलेली. बोलणारा मध्येच अडला. मागून दबका आवाज आला, "जामीन मिळणार नाही." लगेच त्याने तेच वाक्य मोठ्याने म्हटलं.

सुलभाने कित्येक वर्षं हौशी नाटकांना विंगेतून प्रॉम्प्टिंग केलंय. ती माझ्या कानाशी कुजबुजली, "अहो, पोलीस कसला? संवाद विसरलाय तो. ठेवा फोन."

"आणि खरं असेल तर?"

"तर मी जाते चौकीत. आधी ठेवा."

ठेवला. ओंकारचा फोन लागेपर्यंत लावत राहिलो. तो ऑफिसात मीटिंगमध्ये होता.

नाटकबिटक करून काय मिळतं, असं विचारणारे पुष्कळ असतात. तुमच्याकडे असा फोन आला, तर ऐकायला शेजारी कोण असेल?

ही माणसं पुन्हा फोन करतील, असं पोलिसांनी बजावलंय. सुलभा म्हणते, "या वेळी पाठ करून येतील."